फॉर्म निघाला तेव्हा रमजान होता

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. पहिला रोजा २ मार्चला होता. त्याच्या आदल्याच दिवशी केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी जी सामाईक परीक्षा होते, जिला सगळे सीयूईटी म्हणतात, तिचा फॉर्म उघडला. बारावीचे पेपर तेव्हा संपायचे होते. फॉर्मची मुदत आधी २२ मार्च होती, ती दोन दिवसांनी वाढली. ईद ३१ मार्चला झाली. म्हणजे हा फॉर्म उघडला तो रमजानच्या तोंडावर आणि बंद झाला तो रमजानच्या आतच.

ईदच्या तिसऱ्या दिवशी बेंबळीतलेच एक अब्बा आपल्या मुलीला घेऊन आमच्या घरी आले. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी, बारावी कला शाखेची परीक्षा दिलेली. शीरखुर्मा झाला, घरच्यांची खुशाली झाली, आणि मग ते म्हणाले, "सर, इसका हैदराबाद का फॉर्म भरना था. ईद के बाद भरेंगे बोले थे." आम्ही तारीख सांगितली. मुलगी मान खाली घालून ओढणीचे टोक पिळत बसली. अब्बा दोनदा विचारून गेले की दंड भरून काही होते का. नाही होत.

त्या दिवसापासून हे लिहायचे मनात होते. पंचवीसेक वर्षे मुलांमध्ये घालवल्यावर आमचे एक मत पक्के झाले आहे. आपल्या खेड्यापाड्यातली मुले मोठ्या सरकारी विद्यापीठात पोचत नाहीत, त्यात हुशारी कमी पडल्याची उदाहरणे थोडी आहेत. तारीख हुकली, दाखल्यावरचे नाव जुळले नाही, चुकीच्या नमुन्यातला दाखला नेला, परीक्षा दिली पण पुढचा फॉर्मच भरला नाही, अशी उदाहरणे मात्र बोटांवर मोजून संपत नाहीत. यातले जवळजवळ सगळे घरातच, वेळेवर दुरुस्त होण्यासारखे आहे.

आधी हे सांगू की एवढा आटापिटा कशासाठी. गावाजवळच्या कॉलेजात बी.ए. होतेच की, असे पुष्कळ पालक म्हणतात. होते, आणि तिथूनही चांगली मुले पुढे गेली आहेत. पण केंद्रीय विद्यापीठ म्हणजे केंद्र सरकारच्या पैशावर चालणारे विद्यापीठ. तिथे मोठे ग्रंथालय असते, वसतिगृह असते, देशभरातून आलेली मुले शेजारी बसतात. आणि फी? खासगी संस्थांच्या फीशी तुलनाच नको. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची नुसती शिकवणी फी तर वर्षाला काही शे रुपयांतच आहे. आपल्या घरांमध्ये शैक्षणिक कर्ज म्हटले की व्याजाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो खरा प्रश्न आहे. कर्ज काढायचे नसेल तर कमी फीची सरकारी जागा मिळवणे हाच सरळ रस्ता उरतो.

हैदराबादचे नाव त्या अब्बांच्या तोंडी आले यात नवल नव्हते. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचे जुने नाव ज्या सातव्या निजामावरून पडले, त्याच मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले. तिथे विज्ञान, कायदा, वैद्यक हे सगळे उर्दूतून शिकवायचे म्हणून भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उघडले होते. तेव्हा मराठवाड्यातल्या मुलाला वरचे शिक्षण म्हणजे हैदराबाद. १९५६ नंतर आपण मुंबई राज्यात आलो, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि आपल्या मुलांची तोंडे औरंगाबाद-पुण्याकडे वळली. हैदराबाद मात्र जागच्या जागी आहे, आणि नळदुर्गवरून जाणारा हमरस्ता थेट तिथेच जातो.

त्या शहरात गच्चीबावली भागात दोन केंद्रीय विद्यापीठे जवळजवळ आहेत. एक हैदराबाद विद्यापीठ, १९७४ चे. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचे सलग एम.ए., एम.एस्सी. करता येते आणि प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो. दुसरे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, ज्याला मुले 'मानू' म्हणतात. हे १९९८ मध्ये सुरू झाले आणि इथे शिकवण्याची भाषा उर्दू आहे. अट एवढीच, की मुलाने दहावी, बारावी किंवा पुढे कुठेतरी उर्दू माध्यम किंवा उर्दू विषय घेतलेला असावा, किंवा मान्यताप्राप्त मदरशाची सनद असावी. बी.ए., बी.कॉम.सारखे अभ्यासक्रम गुणांच्या यादीवर आणि बी.एड., डी.एल.एड., पॉलिटेक्निकसारखे विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर, अशी तिथली रीत आहे. बी.एड.साठी तर हैदराबादपर्यंतही जायला नको, मानूची शिक्षणशास्त्र महाविद्यालये औरंगाबाद आणि बिदरलाही आहेत. बिदर आपल्याला किती जवळ आहे हे उमरगा-निलंग्याच्या वाचकांना सांगायला नको.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना उर्दू येते. घरात दखनी बोलतात, मकतबात नाजरा झालेला असतो, उर्दूची पहिली किताबही वाचून होते. पण गुणपत्रिकेवर उर्दू हा शब्द कुठेच नसतो. मग मानूचा दरवाजा बंद. आठवी-नववीत विषय निवडताना जिथे शक्य आहे तिथे उर्दू कागदावर येऊ द्यावी. आम्ही मराठीही शिकवतो, मराठीवर आमचे तितकेच प्रेम आहे, तेव्हा हा एका भाषेविरुद्ध दुसरीचा वकिली सल्ला समजू नये. दोन्ही असाव्यात.

आता दिल्ली आणि अलीगढ. पालकांच्या मनात ही दोन नावे फार मानाची आहेत. अलीगढचे कॉलेज सर सय्यदांनी १८७५ मध्ये शाळेच्या रूपाने सुरू केले, १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. जामिया मिल्लिया त्याच १९२० साली असहकाराच्या हवेत अलीगढलाच जन्मली आणि १९२५ मध्ये दिल्लीला गेली. दोन्हीकडे काही अभ्यासक्रमांना सीयूईटी चालते आणि काहींना त्यांची स्वतःची परीक्षा द्यावी लागते, त्यासाठी वेगळा फॉर्म, वेगळी फी. सीयूईटी दिली म्हणजे जामियाचा फॉर्म भरला असे नव्हे. जामियात २०११ पासून निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आहेत, ३० टक्के सर्वसाधारण, १० टक्के मुलींसाठी आणि १० टक्के मुस्लिम ओबीसी व अनुसूचित जमातींसाठी. अलीगढमध्ये तशी धर्मावर राखीव जागा नाही. तिथे निम्म्या जागा त्यांच्याच शाळा-कॉलेजातून आलेल्या मुलांना जातात आणि बाहेरच्या मुलाची स्पर्धा उरलेल्या निम्म्यासाठी असते. "अलीगढ अपनाच है, मिल जाता" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

इतर केंद्रीय विद्यापीठांत मात्र आपल्याला काही आरक्षण नाही, असा एक समज घराघरात आहे. २०१४ मध्ये राज्यात पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो तात्पुरता राहू दिला, आणि पुढे मुदत संपून तो गेला. तेव्हापासून लोकांनी तो विषयच सोडून दिला. प्रत्यक्षात मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. केंद्रीय संस्थांमध्ये ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. आणि जे ओबीसीत येत नाहीत त्यांना २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या, १० टक्के जागांसाठी अर्ज करता येतो. त्यात धर्म आडवा येत नाही.

इथेच बहुतेक घरे अडखळतात, म्हणून जरा सावकाश वाचावे. राज्याची ओबीसी यादी आणि केंद्राची ओबीसी यादी या दोन वेगळ्या याद्या आहेत. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का आणि नेमक्या कोणत्या नावाने आहे हे आधी तपासावे. राज्याच्या कॉलेजसाठी काढलेले जातीचे व नॉन-क्रिमीलेअरचे प्रमाणपत्र केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तिथे केंद्र सरकारच्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, आणि ते त्या आर्थिक वर्षातले, म्हणजे १ एप्रिलनंतरचे मागतात. आमच्या एका विद्यार्थ्याने हौसेने जानेवारीतच सगळे दाखले काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. जुलैत विद्यापीठाने तारीख पाहिली आणि पंधरा दिवसांत नवीन आणा म्हणून सांगितले. त्याचे नशीब चांगले, मिळाले. म्हणून जातीचा मूळ दाखला आधी काढून ठेवावा आणि नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. सीयूईटीच्या फॉर्ममध्ये प्रवर्ग मात्र त्याआधीच बरोबर निवडलेला असला पाहिजे. तिथे 'सर्वसाधारण' लिहून बसलात तर पुढे दाखला हातात असूनही भांडत बसावे लागते.

ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाचे सगळे मिळून उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे आणि पाच एकर किंवा जास्त शेती नको. आता आमच्या भागातली पाच एकर कोरडवाहू जमीन काय पिकवते हे ज्याने नियम केला त्याने बहुधा पाहिलेले नसावे. सोयाबीनला पाऊस दगा देतो त्या वर्षी पाच एकरवाला आणि बिनजमिनीचा यांत फरक एवढाच, की पहिल्यावर बियाण्याची उधारी असते. पण नियम आहे तो आहे. सातबारा कोणाच्या नावावर किती आहे हे आधीच पाहून घ्यावे, दादांच्या नावावरची जमीन वाटणीविना पडून असेल तर तलाठ्याकडे विचारून ठेवावे.

ओबीसीचा मूळ दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास आणि जातीची नोंद दाखवावी लागते. मराठवाड्यात ही नोंद शोधणे हा एक वेगळाच प्रवास आहे. आम्ही पाहिलेल्या जुन्या प्रवेश-निर्गम रजिस्टरांत आपल्या पोरांच्या जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले कितीदा तरी आढळले. मग आजोबांच्या भावाचा, चुलत आजोबांचा उतारा शोधावा लागतो. कुठे धंद्यावरून नोंद सापडते. निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना सरकारलाही उर्दू वाचणारी माणसे लागली होती. आपल्या घरात तर वाचणारे बसलेले असतात. दादीला विचारा, पेटीत काय आहे ते काढा. हे काम मुलगा अकरावीत असताना सुरू केले तर बारावीच्या निकालापर्यंत होते. निकालानंतर सुरू केले तर होत नाही.

नावाचे दुखणे तर आमच्या समाजाला जडलेलेच आहे. एकट्या शेख या आडनावाची इंग्रजी अक्षरे चार तऱ्हांनी लिहितात. दहावीच्या गुणपत्रिकेत एक, आधारवर दुसरी, बँकेत तिसरी. बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते, आधारवर शेवटी, आणि एखाद्या कागदावर बापाचे नावच गायब. कुठे मोहम्मदचे 'मो.' झालेले असते. दहावीची गुणपत्रिका हाच पाया धरावा आणि बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत. आधार दुरुस्त होते. बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करायला शाळेमार्फत जावे लागते आणि वेळ लागतो. बोर्डाची नोंदणी होते तेव्हाच स्पेलिंग पाहिले तर हा सगळा ताप वाचतो. आम्ही वर्गात यादी फिरवतो, पालकांची सही घेतो. सही करतात, वाचत नाहीत.

आता अभ्यासाकडे येऊ. सीयूईटी संगणकावर होते. २०२५ मध्ये जास्तीत जास्त पाच विषय घेता येत होते, प्रत्येक विषयाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकले तर १ वजा. पहिल्या तीन विषयांची फी सर्वसाधारण गटाला १००० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ९०० होती. प्रश्नपत्रिका १३ भाषांत मिळते, त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. विषयांचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर असतात. आपल्या मुलांनी वाचलेली असतात ती महाराष्ट्र बोर्डाची पुस्तके. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल यांत दोन्हींत चांगलाच फरक आहे. बोर्डात ऐंशी टक्के मिळवणारी मुलगी त्या परीक्षेत गोंधळते ती यामुळे.

आणि इथे एक आश्चर्य आहे, जे पालकांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात. एनसीईआरटीची पुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात. मराठीत निघत नाहीत. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाला परीक्षा मराठीत देता येते, पण तिचे पुस्तक मराठीत नाही. आणि जिला आपण "उर्दू में पढ़के क्या होता" म्हणून हिणवतो, त्या मुलीला पुस्तकही उर्दूत आहे आणि पेपरही उर्दूत आहे. पुस्तके एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मोबाईलवर उतरवून घेता येतात. कोणतीही महागडी शिकवणी लावण्यापूर्वी ती दोनदा वाचून व्हावीत. बोर्डाची परीक्षा आणि ही परीक्षा यांत दोन-अडीच महिनेच मिळतात, म्हणून बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिले वाचन उरकावे. सराव परीक्षाही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. खेड्यातल्या मुलाचा हात माउसवर बसलेला नसतो, तेव्हा चार दिवस कुठल्या तरी संगणकावर बसून हात बसवणे हाही अभ्यासच.

विषय निवडताना इच्छित विद्यापीठाची अट पाहावी. दिल्ली विद्यापीठ बारावीत घेतलेल्या विषयांतच ही परीक्षा दिलेली मागते. ज्याला भाषांची आवड आहे त्याने जेएनयूचे अरबी, फारसीचे बी.ए. पाहावे. उर्दू वाचणाऱ्या मुलाला ती लिपी पहिल्या दिवसापासून ओळखीची असते, शेजारी बसलेल्या इतर मुलांना ती शिकावी लागते.

परीक्षा मेमध्ये सुरू होते, निकाल लागतो. २०२५ मध्ये ४ जुलैला लागला. आणि इथे दुसऱ्यांदा मुले गळतात. सीयूईटी प्रवेश देत नाही, फक्त गुण देते. निकालानंतर, कधी त्याच्या आधीही, प्रत्येक विद्यापीठ आपापल्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी मागते, आणि तिथे नोंदणी केली नसेल तर कितीही गुण असोत, आपले नाव कुठल्याच यादीत येत नाही. एका मुलाला आम्ही ऑगस्टमध्ये विचारले, काय झाले रे? म्हणाला, "पत्राची वाट बघतोय सर." पत्र येत नसते. ज्या मोबाईल नंबरवरून आणि ई-मेलवरून फॉर्म भरला तो घरचाच असावा, नेट कॅफेवाल्याचा नसावा, हे म्हणून सांगतो. निदान तीन विद्यापीठांत नोंदणी करावी, यादी लागेल त्या दिवशी पाहावी आणि फी भरायची मुदत दोन-चार दिवसांचीच असते म्हणून तेवढे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

ज्यांना जिल्ह्याबाहेर पाठवणे जमत नाही त्यांनी पदवी इथेच करावी आणि नजर पदव्युत्तर शिक्षणावर ठेवावी. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल १९८६ पासून आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले तिथे समाजकार्य शिकायला येतात, आणि आपल्या गावची मुले त्या फाटकावरून एस.टी.ने जातात-येतात. तिच्या एम.ए.साठी पदव्युत्तर सीयूईटी द्यावी लागते.

राहिला मुलींचा प्रश्न. "बच्ची को इतनी दूर कैसे भेजें?" या प्रश्नाला आम्ही हसत नाही. आमच्याही घरात मुलगी आहे. पण पालकांनी न पाहता नाही म्हणू नये, एवढीच विनंती. विद्यापीठातली मुलींची वसतिगृहे आवारातच असतात, जाण्या-येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. एकदा अम्मीला सोबत घेऊन जावे, खोली पाहावी, खानावळ पाहावी, नमाजची सोय विचारावी, तिथे शिकणाऱ्या मराठवाड्याच्या मुलींशी बोलावे. मग हो म्हणावे किंवा नाही. आमच्या अनुभवात बघून आल्यावर नाही म्हणणारे अब्बा कमी आहेत. अम्मी तर परतीच्या बसमध्येच सामानाची यादी सुरू करते.

ईदच्या तिसऱ्या दिवशी आलेल्या त्या मुलीने वर्ष वाया जाऊ दिले नाही. जवळच्या कॉलेजात बी.ए. प्रथम वर्षाला नाव घातले आहे. बारावी आधीच्या वर्षी पास झालेल्यालाही सीयूईटी देता येते, म्हणून तीही तयारी चालू आहे. एनसीईआरटीची राज्यशास्त्राची दोन्ही उर्दू पुस्तके वाचून झाली, इतिहासाचा तिसरा भाग चालू आहे. तिच्या अब्बांनी चुलत आजोबांचा १९५८ चा शाळेचा उतारा मिळवला. त्यात जातीच्या रकान्यात 'पिंजारी' असे स्वच्छ लिहिलेले निघाले. फॉर्मची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून डिसेंबरपासून ते रोज इशाच्या नमाजनंतर मुलीकडून मोबाईलवर संकेतस्थळ उघडून घेतात. परवा आम्हाला रस्त्यात थांबवून म्हणाले, "अभी नहीं निकला सर. देख लिया मैं."